जंगलात शार्क? हो, आपल्या गडचिरोलीत!

ताडोबाचे वाघ सगळ्यांनाच माहीत आहेत. पण त्याच पट्ट्यात, वाघाच्याही कितीतरी आधी एक चिमुकला शिकारी राहून गेलाय. त्याची ही गोष्ट.

शार्क म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? निळाशार समुद्र, पाण्यावर आलेला तिकोनी पर आणि 'जॉज'ची ती धडकी भरवणारी धून. फार तर मालवणच्या ट्रिपमध्ये चापलेलं मोरीचं मटण! गडचिरोलीचं जंगल मात्र कुणालाच आठवणार नाही. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, साग, बांबू आणि मोहाच्या झाडांत शार्कचं काय काम? पण मंडळी, काम होतं. तेव्हा इथे आजचं जंगल नव्हतं इतकंच. नद्या होत्या, तळी होती आणि त्या गोड्या पाण्यात शार्कचं एक चुलत घराणं मस्त संसार थाटून होतं.

मी मूळची चंद्रपूरची. सध्या मुक्काम पुण्यात, क्युबिकल नंबर अमुक, डेडलाइन तमुक. गाव सांगितलं की ठरलेले दोन डायलॉग ऐकायला मिळतात. एक, "अरे वा, ताडोबा! सफारीचं बुकिंग करून दे ना." आणि दोन, "बाप रे, काय ते ऊन!" गडचिरोलीचं नाव काढलं तर लोक डायरेक्ट आवाजच खाली आणतात. शिक्षेची बदली, बातम्या, बस्स. वास्तविक १९८२ च्या ऑगस्टपर्यंत गडचिरोली हा चंद्रपूर जिल्ह्याचाच भाग होता. म्हणजे माझ्या आईवडिलांच्या लेखी तो 'वेगळा जिल्हा' अजूनही जरा नवाच आहे. तर गेल्या थंडीत ठरवलं, वाघ राहू दे, यंदा सिरोंचाला जाऊन दगड बघायचे. टीममधला एक जण लगेच म्हणाला, "येताना एखादा फॉसिल आण गं. डेस्कवर पेपरवेट म्हणून सॉलिड दिसेल!" या पेपरवेटकडे नंतर येऊ.

शार्कसारखा, पण शार्क नाही

आधी फंडा क्लिअर करून घेऊ. आपण ज्याच्याबद्दल बोलतोय त्या घराण्याचं नाव हायबोडाँट. आजच्या शार्कसारखाच आकार, कूर्चेचा सांगाडा, तोंडात दातांच्या रांगा. पण हे आजच्या शार्कचे आजोबा नव्हेत, चुलत आजोबा म्हणा. त्यांच्या पाठीवर दोन पर आणि प्रत्येक परापुढे एक टणक काटा असायचा. नरांच्या डोक्यावर तर वळलेले आकडेदार काटे! हेअर जेल लावून कॉलेजच्या कट्ट्यावर उभी राहणारी पोरं आठवतात ना, तसा काहीसा अवतार.

हे घराणं सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वी उदयाला आलं. २५ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवरची बहुतेक सागरी जीवसृष्टी पुसली गेली, ते संकट त्यांनी पचवलं. २० कोटी वर्षांपूर्वीचा आणखी एक मोठा संहार पचवला. समुद्रात आजच्या शार्कचे पूर्वज जोर धरायला लागले तसे हायबोडाँट नद्या-तळ्यांमध्ये जास्त दिसायला लागले. शेवटी ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, ज्या उलथापालथीत डायनासोर गेले, त्यातच हेही संपले. जवळपास ३० कोटी वर्षांची इनिंग! आपली माणसाची इनिंग अजून पहिल्या ओव्हरमध्येच आहे.

गोदावरी-प्राणहितेच्या खोऱ्यातल्या खडकांत यातलाच एक छोटा मेंबर सापडलाय. लोंकिडियन. ग्रीक भाषेत याचा अर्थ 'छोटा भाला'. नाव भाल्याचं असलं तरी दात टोचायचे नव्हते. बुटके, रुंद, मधोमध जरा उंचावलेले आणि एका बाजूला छोटंसं बोंड आलेले. असे दात मांस फाडायला नाही, तर कवच फोडायला कामाला येतात. थोडक्यात, झिंगे, गोगलगायी असला कुरकुरीत मेनू. 'जॉज' वगैरे विसरा. हा आपला तळ्याच्या तळाशी फिरणारा साधा, चणे-फुटाणे खाणारा प्राणी.

गोड्या पाण्यात शार्क ही कल्पना पटत नसेल तर आजचीच दोन उदाहरणं घ्या. २०१६ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या ससून डॉकवर गंगा शार्कची एक मादी आली. नद्यांमध्ये शिरणारी ही जात इतकी दुर्मीळ झालीय की कित्येक वर्षांत तिची पक्की नोंदच नव्हती. आणि २०२४ च्या फेब्रुवारीत पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत बुल शार्कने एका तरुणाला चावा घेतल्याची बातमी तुम्ही वाचली असेल. म्हणजे खाऱ्याची चौकट मोडणारे आजही आहेत. लोंकिडियनसारख्यांनी तर गोड्या पाण्यात चक्क घर केलं होतं. किर्गिझस्तानातल्या मॅडिगेन इथे एका प्राचीन तळ्याच्या गाळात याच लोंकिडियनच्या नातेवाइकांचे दात सापडले. बहुतेक दात पिल्लांचे आणि सोबत शार्कच्या अंड्यांची कवचं! २०११ मध्ये संशोधकांनी जाहीर केलं की ती जागा म्हणजे शार्कचं पाळणाघर होतं.

कोळसा शोधायला गेले आणि...

आता आपल्या भागात या. चंद्रपूर म्हणजे कोळसा, हे समीकरण शाळेपासून पाठ. दीडपावणेदोनशे वर्षांपूर्वी इंग्रजांनाही तेच हवं होतं. सिरोंचाजवळ प्राणहितेच्या काठी कोटा नावाचं एक छोटं गाव आहे. तिथे कोळशाच्या आशेने जमिनीत भोक पाडायचं काम चाललं होतं. कोळशाऐवजी चर्चा झाली ती तिथल्या चुनखडकातल्या माशांची. १८५१ मध्ये कर्नल साइक्स यांनी त्यातला एक मासा लंडनच्या भूशास्त्र संस्थेपुढे ठेवला. हे साइक्स म्हणजे दख्खनचे पक्षी, मासे, माणसं, सगळ्यांच्या नोंदी करत हिंडलेले गृहस्थ. माशाच्या नावातही दख्खन आलं, लेपिडोट्स डेक्कनेन्सिस. चकचकीत, फरशीसारखे चौकटीचे खवले असलेला हा मासा आजही कोटाच्या खडकांची ओळख आहे.

गंमत म्हणजे गावाचं नावच खडकाला चिकटलं. जगभरचे भूशास्त्रज्ञ या थराला 'कोटा फॉर्मेशन' म्हणतात. हा थर ज्युरासिक काळातला. नक्की किती जुना यावर अभ्यासकांचे वाद आहेत, पण सर्वसाधारणपणे १८ कोटी वर्षांच्या आसपास धरलं जातं. तेव्हा सह्याद्री नव्हता, दख्खनचा काळा दगड नव्हता, हिमालयाचा तर पत्ताच नव्हता. भारत आफ्रिका, मादागास्कर, अंटार्क्टिका यांच्या गळ्यात गळे घालून दक्षिणेत बसला होता.

याच थरातून पुढे डायनासोरही निघाला. १९६१ च्या सुमारास कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या मंडळींनी सिरोंचा परिसरात किमान सहा प्राण्यांची सुमारे ३०० हाडं खोदून काढली. ते साल रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचं, म्हणून १९७५ मध्ये नाव ठेवलं बारापासॉरस टागोराय. 'बडा पा' म्हणजे बंगालीत मोठा पाय! आकडेमोडीच्या संस्थेने डायनासोर खोदावा, हे हटकेच नाही का?

माती चाळा, दात मिळवा

डायनासोरचं हाड लांबून दिसतं. पण शार्कचा दात? तोही तीळ-मोहरीएवढा? आणि बाकीचा शार्क गेला कुठे?

याचं उत्तर तुमच्या कानात आहे. कानाची वरची कड वाकवून बघा. ती कूर्चा. शार्क आणि त्याचे भाऊबंद यांचा सगळा सांगाडा असल्याच मटेरियलचा. मेल्यावर तो बहुधा सडून जातो, दगड व्हायला उरतच नाही. उरतात दात आणि परांपुढचे काटे. त्यातही शार्कचे दात जन्मभर पडत राहतात आणि मागच्या रांगेतले पुढे सरकतात. एकेक प्राणी आयुष्यात हजारो दात टाकून जातो. म्हणजे डेंटिस्टचं बिल नाही आणि इतिहासाला पुरावा फुकट!

हे दात शोधतात कसे, ते मला नागपूरला भूशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या मावसबहिणीने दाखवलं. ताईच्या लॅबमध्ये एका कोपऱ्यात मातीच्या गोण्या होत्या. "हा आमचा गव्हाचा साठा," ताई म्हणाली. पद्धत अगदी घरगुती आहे. थरातली माती गोण्या भरून आणायची, वाळवायची, पाण्यात भिजत घालायची. चुनखडक असेल तर सौम्य आम्लात टाकायचा. मग एकाखाली एक बारीक होत जाणाऱ्या चाळण्यांतून धुऊन काढायचं. उरलेला चाळ वाळवून मायक्रोस्कोपखाली ठेवायचा आणि ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक कण बाजूला करायचा.

ताईने मला तासभर बसवलं. दुसऱ्याच एका जागेची माती होती. पहिली वीस मिनिटं नुसती वाळू. मग एक चकचकीत तुकडा. "खवला आहे, माशाचा," ताई. आणखी तीन खवले. मान मोडून आली. शार्कचा दात काही मिळाला नाही. "एका दातासाठी कधीकधी आठवडा जातो," ताई शांतपणे म्हणाली. मला माझ्या ऑफिसातली 'आज ईओडीपर्यंत दे' वाली मंडळी आठवली.

असंच चिकाटीने काम करून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे पी. यादगिरी यांनी १९८६ मध्ये कोटा थरातल्या दातांवरून आपल्या शार्कला नाव दिलं, लोंकिडियन इंडिकस. नंतर नदीपलीकडच्या, तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या पैकासिगुडेमसारख्या जागांवरून आणखी दात आले. चाळणीत शार्कच नाही, उंदराएवढ्या सस्तन प्राण्यांचे दातही आले. त्यातल्या एकाचं नाव कोटाथेरियम हाल्डेनाय, म्हणजे पुन्हा आपलं कोटा गाव आणि जोडीला भारतात येऊन स्थायिक झालेले शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन.

तुम्ही म्हणाल, दात नदीपलीकडे सापडले तर गडचिरोलीचा शार्क कसला? अहो, प्राणहिता ही सीमा आपल्यासाठी. खडकाचा थर नदीच्या अल्याड-पल्याड एकच आहे आणि त्याच्यावर नाव अल्याडच्या गावाचं आहे.

एक मासा, दोन पासपोर्ट

या शार्कच्या नावाची भानगडही ऐकण्यासारखी. लोंकिडियन हा वंश १९६४ मध्ये अमेरिकेतल्या वायोमिंगमधल्या दातांवरून ठरला, म्हणजे टी-रेक्सच्या शेजाऱ्यांवरून. त्याच्याआधी, १९३५ मध्ये, दक्षिण आफ्रिकेच्या एका नमुन्यावरून लिसोडस नावाचा वंश ठरला होता. १९८५ मध्ये एका अभ्यासकाने म्हटलं, दोन्ही एकच, सगळ्यांना लिसोडस म्हणा. २००२ मध्ये दुसऱ्या दोघांनी म्हटलं, छे, वेगवेगळेच, लोंकिडियन परत आणा. त्यामुळे आपला इंडिकस काही पेपरांत लोंकिडियन आहे, काहींत लिसोडस. लग्नानंतर नाव बदलायचं की नाही यावर आमच्या ग्रुपमध्ये झालेली चर्चा यापेक्षा लवकर संपली होती!

पण यात एक मुद्दा आहे. वाद सोडवायचा तर अजून दात हवेत आणि तेही नेमक्या कुठल्या थरातून आले याच्या नोंदीसकट. आणि देशात नवीन शार्क अजून निघतायत. २०२१ मध्ये जैसलमेरच्या ज्युरासिक खडकांतून स्ट्रोफोडस जैसलमेरेन्सिस ही हायबोडाँटची नवी जात जाहीर झाली. वाळवंटात निघू शकतो, तर जंगलात का नाही?

सिरोंचाला जाताना

आलापल्लीच्या पुढे सागाचं जंगल दाट होत जातं आणि मोबाइलची रेंज विरळ. गाडी चालवणारे दादा चंद्रपूरचेच. दोन तास गप्प बसले, मग न राहवून म्हणाले, "दगड पाहाले एवढ्या लांबून आल्या जी मॅडम? काऊन?" मी शार्क सांगितला. ते आरशातून माझ्याकडे बघत राहिले. "आमच्याकडं? शार्क?" मग हसून, "पोराले सांगतो घरी."

सिरोंचा तालुक्यात वडधम इथे वन विभागाने फॉसिल पार्क केलंय. दगड झालेली झाडांची खोडं बघितली की हात आपोआप पुढे जातो. सालीच्या रेषा दिसतात, पण बोटाला लागतो तो थंडगार दगड. मग पुढे प्राणहिता. रुंद, संथ पात्र आणि पलीकडे तेलंगण. कानावर मराठी कमी, तेलुगूच जास्त.

परतीच्या वाटेवर एका टपरीवर चहाला थांबलो. दादांनी एव्हाना माझा शार्क सगळ्यांना सांगून टाकला होता. टपरीवाल्यांचा मुलगा, असेल सोळा-सतराचा, आत गेला आणि गोणपाटात गुंडाळलेली एक फरशी घेऊन आला. चुनखडकाची. तिच्यावर काळे, चमकणारे, एकाला एक खेटून बसलेले खवले. मासा! माझा चहा हातातच राहिला.

"मॅडम, याचे किती येतील?" त्याने विचारलं.

खरं सांगू? हातात घेतल्यावर क्षणभर पेपरवेट डोळ्यांपुढे आलाच. रेंज शोधत रस्त्याच्या वळणापर्यंत चालत गेले आणि ताईला फोन लावला. ताईने किंमत सांगितली नाही. म्हणाली, "त्याला विचार, कुठून उचलला ते आठवतं का. तो तुकडा कपाटात गेला तर नुसता दगड आहे. जागा कळली तर पुरावा आहे."

मी परत येऊन विचारलं. पोराने क्षणाचाही विचार न करता सांगितलं. कुठला नाला, नाल्याच्या कुठल्या वळणावर, पाण्यापासून कितव्या पायरीचा दगड, त्याच्या खालचा दगड लाल आणि वरचा पांढरा. ताईचे विद्यार्थी जे वहीत लिहायला शिकतात, ते या मुलाला तोंडपाठ होतं!

मी त्याला सांगितलं की विकू नकोस, विकणं बरोबर नाही, वन विभागाच्या माणसांना जागा दाखव, ताईचा नंबर घे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न टाकला, "त्याचा फायदा कोणाला, मॅडम?"

या प्रश्नावर माझ्याकडे झटपट उत्तर नव्हतं. कारण हिशेब बघा. मासा गेला लंडनला. बारापासॉरस उभा आहे कोलकात्याला. त्याच कोटा थरातला, नदीपलीकडच्या यमनपल्लीचा कोटासॉरस हैदराबादच्या बिर्ला सायन्स सेंटरमध्ये आहे. तिकडे लोक तिकीट काढून बघतात. इथे राहिलं काय? नाव. कोटा हे नाव जगभरच्या पेपरांत आणि कोटाच्या शेजारच्या पोराला त्याची खबरही नाही. वर आपल्यासारखे शहरी पाहुणे येऊन त्यालाच सांगणार, दगड उचलू नकोस!

पण मला ताडोबा आठवला. वाघ वाचायला हवा हे गावांना नुसतं सांगून भागलं नाही. आज सफारीत गाइड म्हणून, जिप्सीचे ड्रायव्हर म्हणून आसपासच्या गावांतली मुलं काम करतात. जिवंत वाघ घर चालवतो हे दिसलं की वेगळं लेक्चर लागत नाही. दगडातल्या माशाचंही असंच व्हायला काय हरकत आहे? नाला तोंडपाठ असलेला मुलगा गाइड झाला तर? सिरोंचाचं स्वतःचं छोटंसं म्युझियम झालं, त्यात मायक्रोस्कोपखाली एक तिळाएवढा दात ठेवला तर? केंद्राच्या खाण मंत्रालयाने २०२२ च्या डिसेंबरमध्ये भूवारसा जपण्याच्या कायद्याचा मसुदा लोकांसमोर ठेवला होता. मसुद्यापलीकडे जाऊन गावाचा वाटा कुणीतरी मांडायला हवा.

घाईही आहे. नदी काठ खाते, रस्ते होतात, चुनखडक फुटतो. खाली गोदावरीवर २०१९ मध्ये मेडिगड्डा बॅरेज उभं राहिलं तेव्हापासून सिरोंचाच्या गावांना फुगवट्याच्या पाण्याचा त्रास झाला. त्या शेतकऱ्यांच्या जमिनीपुढे माशाचे दात ही किरकोळ गोष्ट आहे, मान्य. पण दोन्हीकडे कमी पडतं ते एकच. या भागाकडे कुणी नीट लक्ष देणं.

मुलाला मी एवढंच म्हटलं, "आज लगेच फायदा नाही होणार. पण जागा फक्त तुला माहीत आहे. ती तुझीच राहू दे, नोंद तुझ्या नावाने करू." त्याने ताईचा नंबर घेतला. महिन्याभराने ताईचा मेसेज आला, त्याने नाल्याचा नकाशा हाताने काढून, फोटो मारून पाठवलाय. वर स्वतःचं नाव, ठळक अक्षरांत. आणि टीममधल्या पेपरवेटवाल्याला मी आणली चंद्रपूरची बांबूची पेनस्टँड. चांगली दिसते डेस्कवर!

जायचंय? मग हे वाचा

कधी : डिसेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो, हिरोगिरी नको. पावसाळ्यात नाले रस्ता अडवतात.

कसं : रेल्वेने बल्लारशाह किंवा चंद्रपूर. नागपूर ते चंद्रपूर साधारण १५० किलोमीटर. पुढे आलापल्लीमार्गे सिरोंचा. अख्खा दिवस धरा आणि गाडी स्थानिक ड्रायव्हरचीच घ्या.

काय बघाल : वडधमचं फॉसिल पार्क, प्राणहिता-गोदावरीचा संगम, वाटेत कमलापूरचा हत्ती कॅम्प. वेळ असेल तर चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडचं पिसदुरा. इथल्या डायनासोरच्या शेणाच्या दगडांत गवताचे अंश सापडले आणि २००५ मध्ये कळलं की डायनासोर गवत खात होते!

काय आणाल : फोटो. दगड दिसला तर जागेचा फोटो काढा, शेजारी पेन ठेवा म्हणजे आकार कळेल, लोकेशन नोंदवा आणि वन विभागाला किंवा जवळच्या भूशास्त्र विभागाला कळवा. दगड तिथेच राहू द्या. १८ कोटी वर्षं राहिलाय, तुमच्या वीकेण्डने त्याचा पत्ता बदलू नये.